सलोख्याचं शिल्प उभारण्याआधी त्या जागेवर काय घडलं ते लिहा

प्रश्न मेलबर्नमध्ये लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून काम करणाऱ्या एका मराठी वाचकाचा आहे. त्यांच्या फर्मकडे काउन्सिलच्या नव्या बागेचं काम आलंय आणि बागेत 'इथल्या मूळ लोकांचा इतिहास व सलोखा' या विषयावर एक कलाकृती हवी आहे. ते विचारतात, 'वसाहतवादाच्या जखमा अशा शिल्पांनी भरून येतात का? की हा सरकारी देखावाच? आणि आपण भारतातून आलेले लोक, आपण यात पडावं का?'

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. देखावा होतो, पुष्कळदा होतो. मी बरीच वर्षं इथे सार्वजनिक कलाकृतींच्या कामात आहे. कलाकार, काउन्सिल आणि स्थानिक ॲबोरिजिनल (म्हणजे इथला मूळ) समाज यांच्यामध्ये बसून करार लिहायचे, जागा ठरवायची, फलकावरचा मजकूर मंजूर करून घ्यायचा, हे माझं काम. ज्यांच्या पहिल्याच ओळीत 'सलोखा' आहे, पण शेवटच्या पानापर्यंत 'हत्या' नाही, 'जमीन' नाही, आईबापांपासून तोडून नेलेली मुलं नाहीत, असे ब्रीफ (कलाकृतीकडून काय हवं ते सांगणारे कागद) मी ढिगाने वाचलेत. त्यातून ठरलेल्या गोष्टी निघतात: एक नागमोडी पायवाट, एक गोल बैठक, पाण्याचा आणि मातीचा उल्लेख असलेला एक गोड फलक. बसायला जागा छान होते. भांडण कशाचं होतं आणि सलोखा कोणाशी करायचाय, याचा मात्र तिथे पत्ता लागत नाही.

म्हणून कुठलंही काम बघायला गेले की मी आधी फलक वाचते. काय घडलं, कोणी केलं, कोणावर केलं आणि हे लिहायचं कोणी ठरवलं, हे त्यातून कळतं का ते बघते. शिल्पाचा आकार त्यानंतर.

या कसोटीला पूर्ण उतरणारं एक ठिकाण न्यू साउथ वेल्समध्ये बिंगारा गावाजवळ आहे, मायल क्रीक. 10 जून 1838 रोजी तिथल्या एका गुरांच्या स्टेशनवर, म्हणजे मोठ्या मळ्यावर, वसाहतवाल्यांची घोडेस्वार टोळी आली. स्टेशनवर विरायाराय हे ॲबोरिजिनल लोक राहत होते. तिथल्या कामगारांशी त्यांची ओळखदेख होती. त्यांतले धडधाकट पुरुष कामासाठी दुसरीकडे गेले होते. मागे राहिलेल्या बायका, मुलं आणि म्हातारे मिळून किमान 28 जणांना दोरीने बांधून टेकडीच्या उतारावर नेलं आणि कापून काढलं. दोन दिवसांनी येऊन प्रेतं जाळली. ऑस्ट्रेलियात अशा कत्तली पुष्कळ झाल्या. मायल क्रीक वेगळं ठरलं ते खटल्यामुळे. स्टेशनच्या व्यवस्थापकाने वर कळवलं, ज्याने हत्येत सामील व्हायला नकार दिला होता त्या जॉर्ज अँडरसन नावाच्या कामगाराने साक्ष दिली, आणि अकरा जण कोर्टात उभे राहिले. पहिल्या खटल्यात ज्यूरीने सगळ्यांना सोडून दिलं. दुसऱ्यांदा खटला चालवून डिसेंबर 1838 मध्ये सात जणांना फाशी झाली. टोळीतला एकमेव जमीनदार घरातला माणूस, जॉन फ्लेमिंग, कधीच सापडला नाही.

या उतारावर 10 जून 2000 रोजी स्मारक उभं राहिलं. लाल खडीची वळणावळणाची वाट झाडीतून जाते. वाटेत दगडांवर सात फलक आहेत, इंग्रजी आणि तिथल्या मूळ लोकांची गामिलराय अशा दोन्ही भाषांत. प्रत्येक फलकापाशी थांबावं लागतं, कारण गोष्ट तुकड्या-तुकड्याने पुढे जाते. शेवटी ग्रॅनाइटचा एक मोठा धोंडा. त्यावर लिहिलंय की या टेकडीच्या उतारावर विरायाराय लोकांचा खून झाला, त्यांनी काहीही आगळीक केलेली नसताना, आधी ठरवून. आणि हे स्मारक ॲबोरिजिनल आणि इतर ऑस्ट्रेलियन लोकांनी मिळून सलोख्यासाठी आणि आपल्या सामायिक इतिहासातलं सत्य मान्य करण्यासाठी उभारलं. 'दुर्दैवी घटना' वगैरे काही नाही, सरळ 'खून'.

शिल्पकला म्हणाल तर तिथे जवळपास नाहीच. मला ते ऑस्ट्रेलियातलं सर्वांत ताकदीचं स्मारक वाटतं, ते तिथल्या माणसांमुळे. उभारणाऱ्या समितीत मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांचे वंशज होते. मारेकऱ्यांचे वंशज नंतर स्वतःहून आले आणि उद्‌घाटनाला दोन्हीकडचे लोक एकमेकांसमोर उभे राहिले. दरवर्षी जूनच्या त्या लाँग वीकेंडला आजही लोक जमतात, धुराचा विधी होतो, मग सगळे ती वाट चालतात आणि शाळेतली मुलं फलक मोठ्याने वाचतात. 2005 मध्ये कोणीतरी हातोडा घेऊन येऊन 'खून', 'बायका', 'मुलं' हेच शब्द नेमके ठेचले. समितीने ते दुरुस्त करून घेतले. 2008 मध्ये ती जागा राष्ट्रीय वारसा यादीत गेली.

जखमा भरतात का, या प्रश्नाचं माझं उत्तर मायल क्रीकमध्ये आहे. शिल्पाने भरत नाहीत. पण शिल्पामुळे दोन घरांची माणसं वर्षातून एकदा एका उतारावर एकत्र येत असतील, तर त्यांच्यात जे काही घडतं त्याला सलोखा म्हणायला माझी हरकत नाही. म्हणून आराखडा काढताना 'इथे माणसं कशासाठी जमणार, कधी, आणि त्यांना बोलावणार कोण' हे आधी विचारा. पन्नास माणसं सावलीत उभी राहू शकत नसतील, विस्तव पेटवायची परवानगी आणि जागा नसेल, व्हीलचेअरवरची आजी शेवटपर्यंत पोचू शकत नसेल, तर ते स्मारक फक्त फोटोपुरतं राहील.

कॅनडात व्हँकूव्हरला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या आवारात जेम्स हार्ट या हायडा या मूळ समाजातल्या शिल्पकाराने कोरलेला लाल सीडरचा स्तंभ 2017 मध्ये उभा केला. मधोमध निवासी शाळेची इमारत आहे (मूळ समाजांच्या मुलांना घरापासून तोडून अशा शाळांत ठेवत), कलाकाराचे आजोबा ज्या शाळेत होते तिच्यासारखी. स्तंभावर तांब्याचे सुमारे 68,000 खिळे आहेत, अशा शाळांमध्ये मेलेल्या मुलांसाठी. ते ठोकले शाळांमधून वाचलेल्यांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि आजच्या शाळकरी मुलांनी. स्तंभ हायडांचा, जमीन मस्क्वीम लोकांची, म्हणून तो त्यांच्या संमतीने उभा राहिला. हा भाग तुमच्या ब्रीफसाठीही महत्त्वाचा आहे. 'मूळ लोक' हा एकच समाज समजून कोणाही मूळ कलाकाराला कुठेही काम द्यायचं, ही चूक इथे सर्रास होते.

आता पुतळ्यांकडे येऊ, कारण तुमच्या बागेत नसला तरी शेजारच्या चौकात एखादा असेलच. जुन्या पुतळ्याचं काय करायचं यावर इथे दोन वेगळे प्रयोग झालेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलच्या एस्प्लनेड पार्कमध्ये 1913 सालचं स्मारक आहे. 1864 मध्ये वायव्येकडे मारल्या गेलेल्या तीन गोऱ्या शोधप्रवाशांचं, आणि त्यांच्या शोधात गेलेल्या मेटलंड ब्राउनचं. मूळ लेख सांगतो की 'विश्वासघातकी' स्थानिकांनी रात्री हल्ला करून त्यांना मारलं, आणि शेवटी 'विसरू नका'. ब्राउनच्या तुकडीने बदला म्हणून सुमारे वीस ॲबोरिजिनल माणसं मारली, हे त्यात नाही. 1994 मध्ये त्याच वायव्य भागातल्या बिड्याडंगा या ॲबोरिजिनल समाजाने त्याच चौथऱ्यावर दुसरा फलक बसवला. ज्यांना हे स्मारक अपमानास्पद वाटतं त्यांनी हा फलक लावलाय, अशी त्याची सुरुवात आहे. वरचा मजकूर एकाच बाजूने लिहिलाय, स्वतःच्या जमिनीचं रक्षण करण्याचा हक्क त्यात कुठेच नाही, असं तो सांगतो. आणि शेवटी तेच 'विसरू नका', शिवाय त्यांच्या भाषेत. एकाच चौथऱ्यावर दोन लेख, ऐंशी वर्षांच्या अंतराने. येणारा माणूस दोन्ही वाचतो आणि स्वतः ठरवतो. खर्च फारसा नाही, परिणाम मोठा.

दुसरा प्रयोग टास्मानियातल्या होबार्टचा, आणि तो मला जास्त शिकवून गेला. फ्रँकलिन स्क्वेअरमध्ये विल्यम क्राउथरचा ब्राँझचा पुतळा 1889 पासून उभा होता. क्राउथर शल्यचिकित्सक होता, पुढे टास्मानियाचा प्रीमियर, म्हणजे तिथल्या सरकारचा प्रमुख, झाला. 1869 मध्ये विल्यम लॅन हा ॲबोरिजिनल खलाशी वारला तेव्हा इस्पितळाच्या शवागारातून त्याची कवटी काढून नेल्याचा आरोप क्राउथरवर झाला, आणि त्याला त्या इस्पितळाच्या मानद पदावरून निलंबित केलं गेलं. वंशशास्त्राच्या नावाखाली लंडन आणि होबार्टच्या संस्थांमध्ये तेव्हा हाडांची चढाओढ चालली होती. क्राउथरनंतर दुसऱ्या गटाने लॅनचे हात आणि पाय कापून नेले. पुतळ्याखाली यातलं अक्षरही नव्हतं.

होबार्ट काउन्सिलने पुतळा लगेच हलवला नाही, आणि नुसता फलकही लावला नाही. 2021 मध्ये एकापाठोपाठ एक तात्पुरत्या कलाकृती बसवून घेतल्या. ॲलन मॅन्सेल या कलाकाराने क्राउथरचे हात आणि डोकं लाल केलं, हातात करवत आणि ॲबोरिजिनल झेंडा दिला. ज्युली गॉफने पुतळ्याभोवती लाकडी खोका बांधला. काही आठवडे क्राउथर दिसलाच नाही, लोकांनी चौक त्याच्याशिवाय पाहिला. एक लघुपट झाला, मुलाखती झाल्या, बागेत भांडणंही झाली. मग 2022 मध्ये काउन्सिलने पुतळा हलवायचं मतदानाने ठरवलं. अपिलं चालली, आणि अधिकृतपणे हलवण्याआधीच मे 2024 मध्ये रात्रीतून कोणीतरी तो घोट्यापाशी कापून पाडला. ते पाडणं मला पटत नाही. इतक्या धीराने चाललेली लोकांची चर्चा त्या रात्री एकट्यादुकट्याच्या हातात गेली. पण आधीचं वर्षभराचं काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही. तोवर बऱ्याच होबार्टकरांना विल्यम लॅन माहीत झाला होता.

तुमच्या क्लायंटला हेच सुचवा: कायमचं काही ओतण्याआधी तात्पुरतं करून बघा. एका हंगामापुरतं, कागद-लाकूड-प्रकाशाचं काहीतरी. त्यावर लोक काय बोलतात, कोण रागावतं, कोण रडतं, कोण येतच नाही, हे बघून कायमच्या कामाचा मजकूर ठरवा. काँक्रीट एकदा ओतलं की चर्चा संपते.

आता परवानगी. इथेच सगळ्यात जास्त कामं बिघडतात, आणि जुनी उदाहरणं वाचली तर आजही ऐन वेळी हात आवरता येतो. 1966 मध्ये ऑस्ट्रेलियात डॉलर आला तेव्हा एक डॉलरच्या नोटेवर डेव्हिड मलांगी या उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडच्या ॲबोरिजिनल चित्रकाराचं सालीवरचं चित्र त्याला न विचारता छापलं गेलं. बोभाटा झाल्यावर त्याला 1,000 डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं सामान देण्यात आलं. 1988 मध्ये, वसाहतीला दोनशे वर्षं झाली म्हणून काढलेल्या दहा डॉलरच्या नोटेवर टेरी युंबुलुलने केलेल्या मॉर्निंग स्टार स्तंभाचं चित्र आलं. या वेळी कलाकाराकडून परवाना घेतला होता. तरी युंबुलुलच्या कुळाने त्याला जाब विचारला, कारण तो स्तंभ मृत्यूनंतरच्या विधींतला आहे आणि त्याचं पावित्र्य जपण्याची जबाबदारी कुळाने त्याच्यावर सोपवली होती. तो कोर्टात गेला आणि 1991 मध्ये हरला. न्यायाधीशांनी मात्र निकालात म्हटलं की पवित्र वस्तूंवरचा समाजाचा हक्क मान्य करायला इथला कॉपीराइट कायदा अपुरा आहे. म्हणून एका कलाकाराची सही मिळाली म्हणजे समाजाची परवानगी मिळाली असं धरू नका. कोणतं चिन्ह कोणाचं, ते कोण सांगू शकतं, कुठे दाखवायचं नाही, हे वडीलधाऱ्यांकडून समजून घ्या आणि करारात लिहा. मृत व्यक्तीचं नाव किंवा चेहरा वापरायचा का, हेही घरच्यांना विचारा. बऱ्याच समाजांत गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत.

त्याच 1988 साली, देशभर आतषबाजी चालू असताना, आर्नहेम लँडमधल्याच रामिंगिनिंग गावच्या 43 कलाकारांनी 200 पोकळ ओंडके रंगवले. हे ओंडके वाळवीने आतून खाल्लेल्या झाडांचे असतात. माणूस गेल्यावर पुष्कळ काळाने त्याची हाडं त्यात ठेवण्याची तिकडची रीत आहे. एक ओंडका वसाहतीच्या एका वर्षाचा, ज्यांचे अंत्यविधी झाले नाहीत त्यांच्यासाठी. कल्पना जॉन मंडिन यांची, ते तेव्हा तिथे कला सल्लागार होते. रंगवणाऱ्यांत डेव्हिड मलांगीही होता. आज हे काम कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. मधून एक वाट जाते ती तिकडच्या ग्लाइड नदीची, आणि ओंडके आपापल्या कुळाच्या मुलुखाप्रमाणे नदीच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत. त्यातून चालताना एकेका ओंडक्यावरचं कुळाचं रेखाटन जवळून दिसतं. पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या मातीचे केसाएवढे बारीक फटकारे, कुठे मासा, कुठे पाणकमळ. कोणाचंही चित्र दुसऱ्याच्या मुलुखात नाही. परवानगी म्हणजे काय, हे हजार शब्दांच्या धोरणपत्रकापेक्षा तिथे लवकर समजतं.

ठिपक्यांबद्दल एक सांगायलाच हवं. तुमच्या टीममधलं कोणी ना कोणी ठिपक्यांची नक्षी सुचवेल. ती मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागातली शैली आहे. तुम्ही व्हिक्टोरियात आहात. इथली परंपरा रेषेची: ढालींवरच्या आणि पॉसम या प्राण्याच्या कातड्याच्या शालींवरच्या कोरलेल्या रेषा, हिऱ्याच्या आकाराचे चौकोन. ही शाल शिवण्या-कोरण्याची कला जवळजवळ संपली होती, ती विकी कझन्स, ली डॅरॉक, ट्रियाना हॅम यांच्यासारख्या कलाकारांनी गेल्या पंचवीसेक वर्षांत पुन्हा उभी केली. यारा नदीकाठी बिरारुंग मार बागेत या तिघींचं काम आहे, पायवाटेतला ईल मासा आणि मेलबर्न भागातल्या पाच कुलिन समाजांच्या पाच ढाली. एकदा सकाळी मोकळ्या वेळी जाऊन बघा. तिथून जुन्या तुरुंगाकडे चालत गेलात तर फ्रँकलिन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर टुनरमिनरवेट आणि मॉलबॉयहीनर यांचं स्मारक लागेल, ब्रूक अँड्र्यू आणि ट्रेंट वॉल्टर यांचं, 2016 सालचं. 20 जानेवारी 1842 रोजी मेलबर्नमधली पहिली जाहीर फाशी या दोन टास्मानियन ॲबोरिजिनल माणसांना दिली गेली, हजारोंच्या गर्दीसमोर. दगडी झोपाळ्यासारखा आकार आणि वर्तमानपत्राच्या स्टँडसारखे रंगीत फलक. थांबून वाचल्याशिवाय काही कळत नाही आणि वाचलं की हलता येत नाही.

आपण यात पडावं का? पडावं, पण कुठे उभं राहायचं ते ओळखून. आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं की आपणही इंग्रजांच्या राज्याखाली होतो, म्हणजे आपण आपोआप पीडितांच्या बाजूचे. या देशात ते खरं नाही. आपण इथे व्हिसा घेऊन आलो, तो ज्या राज्याने दिला ते राज्य याच जमिनीवर, जमीनमालकांशी करार न करता उभं राहिलं. आपलं घर, आपली बाग, तुमचं हे प्रोजेक्टसुद्धा त्याच जमिनीवर आहे. आपल्या आजीआजोबांच्या स्वातंत्र्याच्या गोष्टी मीटिंगमध्ये सांगायचा मोह होतो, मला त्याची तीव्रता कळते. तिथे त्या सांगू नका. ऐका, टिपण घ्या, आणि वडीलधाऱ्यांना त्यांच्या वेळेची फी वेळेवर मिळतेय ना ते बघा. हे शेवटचं काम छोटं वाटतं, पण काउन्सिलच्या पेमेंटला महिने लागतात, आणि ज्यांच्याकडून इतिहास घ्यायचा त्यांनाच थांबवून ठेवायचं यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही.

कलेकडून फार अपेक्षाही करू नका. कॅनबेराच्या संसदेसमोरचं मोझॅक मायकल नेल्सन जगमारा यांच्या चित्रावरून 1988 मध्ये झालं. 1993 मध्ये जमिनीच्या हक्काच्या कायद्यावर नाराज होऊन ते स्वतः तिथे गेले आणि निषेध म्हणून हातोडा-छिन्नीने त्यातला दगड काढायला बसले. संसदेच्या दारात आमची कला आणि आत आमच्याविरुद्ध कायदा, हे त्यांना चालणार नव्हतं. ऑक्टोबर 2023 च्या सार्वमतात ॲबोरिजिनल लोकांना संसदेपुढे मत मांडणारी संस्था देण्याचा प्रस्ताव सुमारे 60 टक्के मतांनी फेटाळला गेला. तोवर देशातल्या प्रत्येक मोठ्या शहरात सलोख्याची भित्तिचित्रं होती. कलाकाराला आपलं काम मागे घेण्याचा, किंवा त्यावर आक्षेप नोंदवण्याचा हक्क करारात असावा, असं मी म्हणते ते यामुळे.

तेव्हा पुढच्या आठवड्यात ब्रीफला उत्तर देताना एवढं करा. त्या जागेसाठी कायद्याने नोंदलेली ॲबोरिजिनल संस्था कोणती ते शोधा आणि डिझाइनचं एकही चित्र काढण्याआधी त्यांची भेट मागा. त्या जमिनीवर नेमकं काय घडलं हे त्यांना विचारा. काही सांगायचं नसेल तर तेही मान्य करा. फलकाच्या मजकुरावर अंतिम मंजुरी त्यांची, असं कलम घाला. बजेटमध्ये पहिल्या दहा वर्षांच्या देखभालीसाठी आणि दरवर्षीच्या एका मेळाव्यासाठी वेगळी रक्कम दाखवा, कारण मोडलेला फलक दुरुस्त करायला पैसे नाहीत असं उत्तर मी फार वेळा ऐकलंय. क्लायंट म्हणाला की हे सगळं करायला वेळ नाही, तर कलाकृतीचा भाग या टप्प्यातून काढून पुढच्या टप्प्यात टाका. बाग वेळेत उघडू दे, शिल्प दोन वर्षांनी आलं तरी चालेल.